हिस्लॉप, स्टीफन

हिस्लॉप, स्टीफन : (८ सप्टेंबर १८१७–४ सप्टेंबर १८६३). स्कॉटिश धर्मोपदेशक, शिक्षक, भूवैज्ञानिक व पुराजीववैज्ञानिक. विदर्भातील जीवाश्मांच्या (शिळारूप झालेल्या जीवावशेषांच्या) पद्धतशीर अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाव्ह्याच्या खडकांचे वय ठरविण्याचा प्रश्न त्यांनी नागपूरच्या परिसरातील शंख, शिंपले, फळे व बिया यांच्या आधारे धसास लावण्याचा प्रयत्न केला. त्यांचा निष्कर्ष पुढे बदलावा लागला. परंतु ज्या थरांकडे व ज्या पुराव्यांकडे त्यांनी लक्ष वेधले, त्यांच्याच साहाय्याने या प्रश्नाचे उत्तर पुढे सापडले.

जीवन : हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील बेरिकशर परगण्यातील डन्स या गावी झाला. एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च हा नवा पंथ स्थापन झाला. हिस्लॉप त्या पंथात सामील झाले व त्याच्या वतीने धर्मोपदेशक म्हणून त्यांची नागपूरसाठी निवड झाली. डिसेंबर १८४४ मध्ये ते मुंबईस उतरले आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपूरवर तिसरे रघुजी भोसले यांचे राज्य होते. सीताबर्डी येथे इंग्रज रेसिडेंट आणि कामठी येथे लष्करी छावणी होती. हिस्लॉप यांनी मराठी भाषा आत्मसात केली व १८४६ मध्ये नागपुरात शाळा सुरू केली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर (१८२३–९७) हे त्यांचे सहकारी म्हणून नागपूरला आले. हंटर यांनाही निसर्गविज्ञानाची आवड होती. १८५५ मध्ये ते स्वदेशी परतले, तोपर्यंतचे बहुतेक भूवैज्ञानिक काम दोघांनी मिळून केले.

भूविज्ञान हे हिस्लॉप यांचे उपजीविकेचे साधन नव्हते. शाळा, प्रवचने व गावोगावचे दौरे यांतून उरलेल्या वेळात त्यांनी हा अभ्यास केला. नागपूरपर्यंत लोहमार्ग १८६७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, पोहोचला. त्यामुळे त्यांचा सर्व प्रवास पायी, घोड्यावरून वा बैलगाडीतून होत असे. संदर्भग्रंथ व तुलनेसाठी लागणारे नमुने हाताशी नसल्याने गोळा केलेली सामग्री जलमार्गाने लंडनला पाठवून तेथील तज्ञांच्या अभिप्रायाची वाट पाहावी लागे.

ट्रॅप खडक व त्यांच्या वयाचा प्रश्न : महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्ट या काळ्या अग्निज खडकाने व्यापलेला आहे. जमिनीतील भेगांमधून वेळोवेळी बाहेर पडलेला लाव्हा पसरून व थिजून त्याचे एकावर एक थर साचले. या थरांमुळे डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आलेला असल्याने त्यांना ट्रॅप असे नाव पडले. आज शिल्लक असलेल्या ट्रॅपचे क्षेत्र सु. ५ लाख चौ. किमी. असून पश्चिम घाटात त्यांची एकत्रित जाडी २,००० मी. पेक्षा अधिक भरते. ठाणे जिल्ह्यातील उल्हास नदीचे खोरे याच खडकांत कोरले गेले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे ट्रॅपवरच वसलेली आहेत. अंबरनाथचे शके ९८२ मधील (इ. स. १०६०) शिवमंदिर याच काळ्या दगडात बांधलेले आहे, तर बदलापूरजवळचा चंदेरी किल्ला ट्रॅपच्याच डोंगरावर आहे. बदलापूरच्या पुढे असलेल्या नेरळ या गावाचे नाव तर भूवैज्ञानिकांनी ट्रॅपमधील एका शैलसमूहाला दिलेले आहे.

इतक्या विस्तीर्ण व जाड खडकाचे वय ठरविणे एकोणिसाव्या शतकात सोपे नव्हते. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून कालमापन करण्याची रीत तेव्हा अस्तित्वात नव्हती. खडकाचे वय त्यातील जीवाश्मांवरून ठरविले जाई. परंतु तप्त लाव्ह्यात जीवाश्म टिकून राहत नाहीत. उल्हास खोऱ्यासारख्या प्रदेशात शेकडो मीटर जाडीच्या कड्यांतून फिरूनही जीवसृष्टीची खूण सहसा आढळत नाही. मात्र दोन उद्रेकांच्या दरम्यान कधीकधी दीर्घ शांततेचा काळ जाई. अशा काळात थिजलेल्या लाव्ह्याच्या पृष्ठावरील खोलगट भागांत तळी व दलदली निर्माण होत, त्यांत गाळ साचे आणि वनस्पती व प्राणी यांचे अवशेष त्या गाळात पुरले जात. पुढच्या उद्रेकातील लाव्ह्याने हा गाळ झाकला जाई. ट्रॅपच्या दोन थरांत सापडणाऱ्या अशा गाळाच्या खडकांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. ट्रॅपच्या वयाचा पुरावा मुख्यतः या पातळ थरांत दडलेला होता.

असे थर ट्रॅप प्रदेशाच्या दोन्ही टोकांना आढळले होते. पश्चिमेस मुंबईतील वरळीच्या थरांतील लहान बेडकांचे वर्णन रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८४७ मध्ये केले, तर तेथील कासवाचे वर्णन मुंबईत शल्यचिकित्सक असलेले हेन्री जॉन कार्टर (१८१३–९५) यांनी १८५२ मध्ये केले. पूर्वेकडील ट्रॅपमधील शंख-शिंपल्यांचे वर्णन जॉन ग्रँट माल्कमसन यांच्या १८३७ मध्ये वाचलेल्या निबंधात आले होते. फायसा प्रिन्सेपाय हा गोड्या पाण्यातील शंख त्यातूनच प्रसिद्धीस आला. परंतु एखाद्या परिसरात वर्षानुवर्षे राहून, प्रत्येक थराचे स्थान पाहून व प्रत्येक स्थळाचे जीवाश्म वेगळे ठेवून केलेला अभ्यास तोपर्यंत झालेला नव्हता. हे काम हिस्लॉप व हंटर यांनी केले.

नागपूरचे स्थानही या कामास अनुकूल होते. हे शहर ट्रॅप प्रदेशाच्या पूर्व सीमेवर आहे. तेथे ट्रॅपची जाडी कमी असून त्याच्या खालचे खडक उघडे पडलेले आहेत. शहराच्या एका बाजूस अतिप्राचीन पट्टिताश्म (नाइस), दुसऱ्या बाजूस कामठीचे वालुकाश्म आणि पश्चिमेस ट्रॅपच्या टेकड्या, असे पृथ्वीच्या इतिहासातील तीन फार दूरचे कालखंड एका दिवसाच्या फेरीत पाहता येतात.

टाकळीचे जीवाश्म : १८५१ मध्ये नागपूरलगतच्या टाकळी येथे हिस्लॉप व हंटर यांना ट्रॅपच्या दोन थरांमधील गाळात जीवाश्म सापडले. सीताबर्डीच्या टेकडीतही त्यांना असाच क्रम आढळला. खाली पोकळ्यांनी भरलेला ट्रॅप, त्यावर गोड्या पाण्यात साचलेला पातळ थर व सर्वांत वर गाठाळ ट्रॅप, अशी त्यांची मांडणी होती. थर पातळ असला, तरी त्यातील जीवावशेष विपुल होते. फायसा, लिम्निया, पॅल्युडिना, युनिओ इ. वंशांतील शंख व शिंपले, ऑस्ट्रॅकॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची कवचे, भुंगेऱ्यांचे कठीण पंख, माशांचे खवले, कारा या पाणवनस्पतीची बीजुके, तसेच लाकूड, फळे व बिया असे नाना प्रकारचे अवशेष त्यांनी जमविले. मोठ्या प्राण्यांच्या हाडांपेक्षा अशा क्षुद्र वाटणाऱ्या अवशेषांना त्यांनी अधिक महत्त्व दिले. एका तळ्यातील व त्याच्या काठावरील संपूर्ण जीवसृष्टी त्यांतून उभी राहत होती.

या कामाचा पहिला मोठा वृत्तांत ‘नागपूर परिसराचे भूविज्ञान व जीवाश्म’ या विषयावरील संयुक्त निबंधाच्या रूपाने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नागपूरभोवतालच्या खडकांचा अनुक्रम, प्रत्येकाचा विस्तार व त्यांतील जीवाश्म यांचे वर्णन आहे. पुढे गटवार अभ्यासासाठी त्यांनी नमुने निरनिराळ्या तज्ञांकडे सोपविले. कीटकांचे वर्णन अँड्रू मरी यांनी, ऑस्ट्रॅकॉडांचे टी. रूपर्ट जोन्स यांनी आणि कामठी परिसरातील वनस्पतींचे चार्ल्स बनबरी यांनी केले. शंख-शिंपल्यांचे वर्णन हिस्लॉप यांनी स्वतः केले. १८६०-६१ या दोन वर्षांत त्रैमासिकात आलेल्या या निबंधांमुळे नागपूरचे नाव पुराजीवविज्ञानाच्या वाङ्‌मयात कायमचे नोंदले गेले. टाकळी येथील हिरव्या कॅल्साइटाला सॅम्युएल हॉटन यांनी १८५९ मध्ये हिस्लॉपाइट हे नाव दिले. नागपूरच्या पाण्यात हिस्लॉप यांना आढळलेल्या एका जिवंत सूक्ष्म वसाहती प्राण्याला कार्टर यांनी १८५८ मध्ये हिस्लॉपिया लॅकस्ट्रिस असे नाव दिले.

कामठी, मांगली व मालेरी : ट्रॅपखालील खडकांकडेही हिस्लॉप यांनी तितकेच लक्ष पुरविले. कामठीजवळील सिलेवाडा व भारतवाडा येथील खाणींतून बांधकामासाठी वालुकाश्म काढला जाई. तेथील पातळ थरांत त्यांना ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने मोठ्या प्रमाणात मिळाली. अशीच पाने बंगालच्या कोळसाक्षेत्रात व ऑस्ट्रेलियात आढळली होती. हे थर जुरासिक कालातील असावेत, असे हिस्लॉप व हंटर यांचे मत होते. ग्लॉसोप्टेरिसयुक्त दगडी कोळशाचे थर त्याहून पुष्कळ जुने, म्हणजे पर्मियन (सु. २९.९ ते २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या) कालातील आहेत, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले. या परिसरात पुढे कोळशाच्या खाणी निघाल्या.

वर्धा खोऱ्यातील मांगली येथील तांबड्या वालुकाश्मातून एका रुंद कवटीच्या उभयचर प्राण्याचा जीवाश्म मिळाला. ओवेन यांनी १८५५ मध्ये त्याला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. हा प्राणी लॅबिरिंथोडोंट या निर्वंश झालेल्या गटातील असून तो ट्रायासिक काळाच्या प्रारंभी होऊन गेला. त्याच ठिकाणच्या एस्थेरिया या लहान कवचधारी प्राण्याचे वर्णन जोन्स यांनी केले. आणखी दक्षिणेस, सध्या तेलंगणात असलेल्या मालेरी येथून हिस्लॉप यांनी सेरॅटोडस या फुप्फुसमीनाचे दात मिळविले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख टॉमस ओल्डॅम यांनी १८५९ मध्ये त्यांतील एका जातीला सेरॅटोडस हिस्लॉपियानस व दुसरीला हंटर यांच्यावरून सेरॅटोडस हंटरियानस अशी नावे दिली. या गटातील मासे तेव्हा केवळ दातांवरूनच माहीत होते. त्यांचा जिवंत नातेवाईक ऑस्ट्रेलियातील नद्यांत आढळल्याचे १८७० मध्ये, म्हणजे त्यानंतर अकरा वर्षांनी, जाहीर झाले.

वर्धा व प्राणहिता नद्यांच्या खोऱ्यांतील या शोधांतून एका मोठ्या कल्पनेची सामग्री जमत होती. नद्यांनी आणलेल्या गाळाच्या, वनस्पती व स्थलचर प्राण्यांचे अवशेष असलेल्या या खडकांना एच्. बी. मेड्‌लिकॉट यांनी १८७२ मध्ये गोंडवन हे नाव सुचविले. त्यावरूनच एडुआर्ट झ्यूस यांनी १८८५ मध्ये दक्षिण गोलार्धातील प्राचीन महाखंडाला गोंडवनभूमी असे म्हटले. ही नावे हिस्लॉप यांनी दिलेली नाहीत. मात्र नागपूर, मांगली व मालेरी येथील त्यांच्या संग्रहांचा या खडकांच्या अभ्यासात आरंभापासून उपयोग झाला.

पिसदुरा : चंद्रपूर जिल्ह्यातील वरोड्याजवळ पिसदुरा हे गाव आहे. तेथील शेतांत विखुरलेल्या सरीसृपांच्या मोठ्या हाडांची नोंद हिस्लॉप यांनी १८६० च्या सुमारास केली. भारतात डायनोसॉरांची हाडे प्रथम जबलपूर येथे १८२८ मध्ये विल्यम हेन्री स्लीमन यांना मिळाली होती. पिसदुरा हे त्यानंतरचे महत्त्वाचे स्थळ ठरले. येथील थर ट्रॅपच्या खाली असून ते लॅमेटा या नावाने ओळखले जातात. या भागातील डोंगरगाव येथे मिळालेल्या सांगाड्यावरून सोहनलाल जैन व शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये एका अजस्र शाकाहारी डायनोसॉराचे वर्णन केले. तो आता आयसिसॉरस या नावाने ओळखला जातो. पिसदुरा येथील अश्मीभूत विष्ठेच्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकामय कण आढळल्याचे वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखविले. गवताचा उदय डायनोसॉरांच्या नंतर झाला, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी लागली.

हिस्लॉप यांचा निष्कर्ष : ट्रॅपच्या वयाविषयीचे आपले मत हिस्लॉप यांनी १८६० च्या निबंधात मांडले. अंतरा-ट्रॅपी थरांतील शंख-शिंपल्यांची तुलना त्यांनी यूरोपातील गोड्या पाण्याच्या थरांतील जीवाश्मांशी केली. आंध्रातील राजमहेंद्री येथे ट्रॅपमध्ये आढळणाऱ्या खाडीतील शंख-शिंपल्यांचाही त्यांनी विचार केला. यावरून हे थर तृतीय कल्पाच्या आरंभीच्या, म्हणजे निम्न इओसीन काळातील असावेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष मान्य केला, तर डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर बऱ्याच काळाने येथे लाव्हा वाहिला, असे मानावे लागत होते.

या युक्तिवादातील एक अडचण अशी होती की, गोड्या पाण्यातील शंख-शिंपल्यांचे वंश दीर्घकाळ फारसे न बदलता टिकून राहतात. शिवाय दूरच्या दोन खंडांतील तळ्यांत सारखे प्राणी आढळले, तरी ती तळी एकाच काळातील असतील असे नाही. समुद्रातील जीवाश्मांवरून काळ ठरविणे त्या मानाने सोपे असते. पण नागपूरच्या परिसरात तेव्हा असे जीवाश्म माहीत नव्हते. उपलब्ध पुराव्याच्या मर्यादेत हिस्लॉप यांचे अनुमान तर्कशुद्ध होते. तथापि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील मेड्‌लिकॉट व विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८७९ च्या आपल्या ग्रंथात ट्रॅप हे मुख्यतः क्रिटेशस (सु. १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील असावेत, असे मत मांडले.

अखेरची वर्षे : जीवाश्मांबरोबरच मध्य भारतातील आदिवासी जमातींच्या भाषा, चालीरीती व गीते यांचाही हिस्लॉप अभ्यास करीत होते. विशेषतः गोंडांच्या उत्पत्तिकथा व लिंगो या त्यांच्या पूजनीय पुरुषाची गाथा त्यांनी मिळविली होती. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली व १८६२ मध्ये रिचर्ड टेंपल तेथील मुख्य आयुक्त म्हणून आले. त्यांनी हिस्लॉप यांच्या संशोधनास उत्तेजन दिले.

सप्टेंबर १८६३ च्या आरंभी टेंपल व हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या टाकळघाट येथे प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास व उकरण्यास गेले. टेंपल पुढे बोरी येथील छावणीवर गेले. हिस्लॉप गावातील शाळा पाहण्यासाठी मागे थांबले. ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी घोड्यावरून निघाले असता वाटेतील पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. घोडा एकटाच छावणीत आल्यावर त्यांचा शोध घेण्यात आला. मृत्यूसमयी त्यांना सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते.

त्यांचे पुष्कळ काम अपुरे राहिले. मध्य भारतातील सरीसृपांच्या दातांविषयी व हाडांविषयी त्यांनी लिहिलेल्या पत्रांतील उतारे जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. आदिवासींविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रकाशित केली. गोंडांची गाथा छापील रूपात प्रथम त्यातूनच अभ्यासकांपुढे आली. टाकळघाट येथील अपुरे उत्खननही पुढे चालविले गेले. तेथे व लगतच्या खापा येथे १९६८-६९ मध्ये शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने केलेल्या उत्खननातून इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील महापाषाणीय लोकांच्या वस्तीची व दफनांची माहिती मिळाली. नागपूर येथे १८८३ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयास हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले.

नंतरचे संशोधन : हिस्लॉप यांच्या मताला विसाव्या शतकात पुन्हा बळ मिळाले. पुरावनस्पतिवैज्ञानिक बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये ट्रॅपच्या वयाचा प्रश्न नव्याने उपस्थित केला. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान व सौसर येथील अंतरा-ट्रॅपी थरांतून ताडवर्गीय फळे, ॲझोला हे पाणनेचे इत्यादींचे अवशेष मिळाले होते. त्यांवरून हे थर इओसीन काळातील असावेत, असे साहनी यांचे मत झाले. मोहगाव कलानच्या अश्मीभूत वनस्पतींचा अभ्यास पुढे नागपूरच्या अभ्यासकांनी चालू ठेवला. त्यांत नागपूरच्या विज्ञान संस्थेत अध्यापन केलेल्या श्यामला चितळे (१९१८–२०१३) यांचा समावेश होतो. नंतर त्यांनी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील निसर्गेतिहास संग्रहालयात पुरावनस्पतिविज्ञानाचा विभाग उभारला.

१९८० नंतर मात्र चित्र पालटले. अंतरा-ट्रॅपी थरांतील माती चाळून व धुऊन अतिसूक्ष्म दात, खवले व कवचे वेगळी करण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. तेव्हा नागपूर व आसिफाबाद या परिसरांतील थरांत डायनोसॉरांच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे मिळाले. म्हणजे ट्रॅपचे उद्रेक सुरू झाले, तेव्हा या प्रदेशात डायनोसॉर होते. १९८८ मध्ये जी. व्ही. आर्. प्रसाद व अशोक साहनी यांनी तेलंगणातील नस्कल येथील अंतरा-ट्रॅपी थरांतून भारतातील पहिल्या क्रिटेशसकालीन सस्तन प्राण्याचे दात मिळाल्याचे जाहीर केले. चिचुंदरीएवढ्या या प्राण्याला त्यांनी हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपाय असे नाव दिले. ज्या थरांना हिस्लॉप यांनी इओसीन मानले होते, त्यांपैकी काही तरी क्रिटेशस काळातील आहेत हे दाखविणारा पुरावा अशा रीतीने त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

याच सुमारास किरणोत्सर्गी कालमापन व पुराचुंबकीय निरीक्षणे यांवरून ट्रॅपचा फार मोठा भाग सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, सु. १० लाख वर्षांच्या अवधीत साचल्याचे स्पष्ट झाले. क्रिटेशस काळ संपून पॅलिओसीन काळ सुरू होण्याचा व डायनोसॉर निर्वंश होण्याचाही हाच काळ आहे. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे झालेला लघुग्रहाचा आघात त्याच वेळचा आहे. या सर्वनाशात ट्रॅपमधून बाहेर पडलेल्या वायूंचा वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. त्यामुळे अंतरा-ट्रॅपी थरांना आता जगभर महत्त्व आले आहे. त्या उद्रेकांच्या काळात तेथेच जगणाऱ्या जीवांचा तो प्रत्यक्ष पुरावा होय.

सर्व अंतरा-ट्रॅपी थर एकाच वयाचे नाहीत, हेही आता समजले आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील थरांत पॅलिओसीनच्या आरंभीचे फोरॅमिनीफर (सूक्ष्म सागरी प्राणी) आढळल्याचे गेर्टा केलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नोंदविले. मुंबईतील बेडूक व कासवांचे थर पॅलिओसीन काळातील मानले जातात, तर पूर्वेकडील अनेक थर क्रिटेशसच्या अखेरचे आहेत. ट्रॅप क्रिटेशस की तृतीय कल्पातील, या जुन्या वादाचे उत्तर असे दुहेरी निघाले : उद्रेक एका कल्पाच्या अखेरीस सुरू झाले व दुसऱ्याच्या आरंभी संपले. हिस्लॉप व त्यांचे विरोधक यांच्यापुढील पुरावे भिन्न थरांतील होते, आणि ते सर्व थर समकालीन आहेत असे मानल्याने वाद दीर्घकाळ मिटू शकला नाही.

मूल्यमापन : हिस्लॉप यांनी केलेल्या दोन्ही मोठ्या कालनिश्चिती आज मान्य नाहीत. कोळशाचे थर त्यांनी मानले त्याहून जुने निघाले आणि अंतरा-ट्रॅपी थरही मुख्यतः त्यांनी मानले त्याहून जुने ठरले. तरीही त्यांचे कार्य कालबाह्य झालेले नाही. प्रत्येक नमुना कोणत्या गावचा, कोणत्या थरातील व त्या थराच्या वर आणि खाली कोणता खडक आहे, हे त्यांनी नोंदवून ठेवले. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष बदलल्यावरही त्यांची निरीक्षणे उपयोगी पडत राहिली. टाकळी, मांगली, मालेरी व पिसदुरा ही स्थळे आजही संशोधनाच्या वाङ्‌मयात येतात, ती प्रामुख्याने या नोंदींमुळे. त्यांनी पाठविलेल्या नमुन्यांपैकी अनेक लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत. या शोधांत खाणींतील दगडफोड्यांचा व गावकऱ्यांचाही वाटा होता. परंतु त्यांची नावे इतिहासात आली नाहीत.

ज्या जमिनीतून हे नमुने निघाले, ती मात्र वेगाने बदलत आहे. टाकळीचा परिसर नागपूर शहरात सामावला गेला आहे. वरळीचे थर मुंबईच्या वस्तीखाली गेले आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांसारख्या ट्रॅपवरील शहरांचाही विस्तार झपाट्याने होत आहे. टेकड्या फोडणे, खडी काढणे व पाया खणणे ही कामे ट्रॅप प्रदेशात सर्वत्र चालू असतात. अंतरा-ट्रॅपी थर बहुधा थोड्याच जाडीचे व लहान विस्ताराचे असतात. असा थर खणताना उघडा पडला व तो कोणी पाहिला नाही, तर त्यातील पुरावा कायमचा नष्ट होतो. नागपूरच्या वेशीवरील एका पातळ थराकडे दोन शिक्षकांचे लक्ष गेल्यामुळे दीडशे वर्षे चाललेल्या संशोधनाला आरंभ झाला. ते थर आधीपासून तेथेच होते. त्यांच्याकडे थांबून पाहण्याचे काम हिस्लॉप व हंटर यांनी केले.